अक्काच्या गळ्यातला टाक

ज्या टिपणामुळे माझं नाव झालं आणि धुळ्याच्या संग्रहालयाची नोकरी मिळाली, त्या टिपणातली वस्तू मी चोरलेली होती. चोरी परक्याच्या घरातली नाही, सख्ख्या बहिणीच्या गळ्यातली. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण चष्मा लावून हातात भिंग धरलेल्या माणसाकडे पाहून चोर कुणाच्या मनात येत नाही.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला भाऊ. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि ती नऊ. मला भरवणं, न्हाऊ घालणं, डोक्यातल्या उवा काढणं, मारणं आणि मारल्यावर जवळ घेणं हे सगळं त्या दिवसापासून तिच्याकडे आलं. तिच्या बरोबरीच्या मुली एकेक करून सासरी गेल्या. हिला मागायला कुणी आलं की वडील म्हणायचे, पोराकडे कोण बघेल? असं करता करता ती सोळाची झाली, आणि आमच्या गावात त्या काळी सोळाची बिनलग्नाची पोर म्हणजे शिळी भाकर. मग बिजवर पाहिला. अमळनेरकडच्या खेड्यातला, माणूस सालस, विहिरीवरचं बागायत असलेला. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. अक्काच्या नशिबी दुसरेपण आलं ते माझ्यामुळे, हे मला फार उशिरा कळलं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

लग्नात मी दहा वर्षांचा होतो. मंगळसूत्र बांधून झाल्यावर तिच्या सासूनं काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक तुकडा तिच्या गळ्यात बांधला. मला वाटलं दागिना आहे. जवळ जाऊन पाहिलं तर त्यावर एक बाई उभी होती.

तो टाक होता. टाक म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पातळ पत्रा, त्यावर आकृती उठवलेली. देव्हाऱ्यात कुलदैवतांचे टाक असतात तसे घरातल्या गेलेल्या माणसांचेही असतात. बिजवराशी लग्न लागलं की नव्या बायकोच्या गळ्यात आधीच्या बायकोचा टाक बांधतात. गेलेलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिला डावलून दुसरी आली तर ती घरावर रागावते, म्हणून तिला बरोबर घेऊनच नांदायचं. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला लावायचा. सणाचं ताट वाढलं की पहिला घास टाकापुढे धरायचा, मग आपण जेवायचं.

बायका हे बहुतेक भीतीपोटी करतात. अक्काचं तसं नव्हतं. तिला त्या घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून असेल, ती टाकातल्या बाईशी बोलायची. चुलीपुढे बसून सासूच्या कागाळ्या तिला सांगायची. मी एकदा हसलो तर म्हणाली, हसू नको, याच सासूखाली तीही होती, तिला सांगावं लागत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासूनं दाजींच्या तिसऱ्या लग्नाची बोलणी काढली होती. तेवढ्यात मुलगी झाली. बारशाला गेलो तेव्हा अक्कानं टाक चिमटीत धरून मला सांगितलं, "हाई पोर तिनी दिधी, भाऊ."

तोवर मी मुंबईच्या चित्रशाळेत चार वर्षं काढून परत आलो होतो आणि जळगावच्या शाळेत ड्रॉईंग मास्तर झालो होतो. मुलांकडून सफरचंद आणि फुलदाणी काढून घेण्याचं ते काम. मुलांनी सफरचंद पाहिलेलं नव्हतं. मला स्वतःला वेड लागलं होतं जुन्या वस्तूंचं. सुट्टी लागली की वही, भिंग आणि लाखेचा गोळा घेऊन निघायचो. बोदवडला गाडीतून उतरायचं, तिथून बैलगाडीनं खेडी पालथी घालायची. फैजपूरला एका घरात तीन दिवस मुक्काम केला, नुसते देव्हारे बघत. लोकांना वाटायचं मी मोड विकत घेणारा आहे. पहूरला एका आबांनी मला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि आतून तुटकं कुलूप आणि समईचा पाय आणून समोर ठेवला. नको म्हणालो तर त्यांना राग आला.

टाक मला सापडायचे ते सोनारांकडे. टाक झिजला, त्यावरचे नाकडोळे पुसले, की लोक तो सोनाराकडे आणतात. सोनार जुना टाक आटवतो, त्यात नवी चांदी घालतो आणि नवा करतो. जुन्यातलं काहीतरी नव्यात गेलंच पाहिजे, ही त्यातली मुख्य गोष्ट. ते गेलं नाही तर नवा टाक म्हणजे नुसता पत्रा. जळगावच्या सराफात एक म्हातारे सोनार होते, त्यांना सगळे नाना म्हणत. ते आटवण्याआधी जुना टाक तासभर माझ्या हवाली करायचे. मी त्याचं चित्र काढायचो, लाखेवर छाप घ्यायचो, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तो मुशीत जायचा.

अशी दोनशेच्या वर चित्रं जमली, आणि मी निराश झालो. सगळ्या बाया एकसारख्या. समोर तोंड, दोन्ही हात खाली, लुगड्याच्या निऱ्यांच्या चार रेघा. कारण सोनाराकडे पितळेचा ठसा असतो. त्यावर पत्रा ठेवून ठोकला की बाई तयार. बाईचा एक ठसा, पुरुषाचा एक, घोड्यावरच्या देवाचा एक. मुंबईत आमच्या एका विद्वान गुरुजींना मी वही दाखवली तेव्हा ते चार पानं उलटून म्हणाले, तुमच्या खानदेशात कापूस होतो, केळी होतात, कला कुठून होणार? मी खाली मान घालून वही उचलली. तो अपमान मी पुढे बरीच वर्षं जपला, आणि अपमान जपणारा माणूस काय करील ते सांगता येत नाही.

त्या अपमानाच्या दुसऱ्या वर्षी आखाजीला अक्काला आणायला गेलो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. भाऊ आणायला येतो, पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. इतरांच्या बहिणी सणाआधीच आलेल्या असायच्या. माझी मात्र सणाचा दिवस सासरीच काढायची, कारण त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरायची असते आणि सवतीची घागर ती दुसऱ्या कुणाला भरू द्यायची नाही. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोरी ठेवायची, पाया पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर गाडीत बसायचं. त्या दिवशी ती घागरीपुढे वाकली आणि टाक बाहेर आला. उजेड पडला होता. मी पंधरा वर्षं तो टाक बघत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे.

तो ठशाचा नव्हता. कुणीतरी बारीक छिन्नीनं हातानं उठवला होता. बाईचा चेहरा किंचित एका बाजूला वळलेला. डावा डोळा उजव्यापेक्षा लहान. वरचा ओठ एका दातावर थोडा उचललेला, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. हा चेहरा कुणीतरी पाहून केला होता. दाजींना विचारलं तर म्हणाले, गावात तेव्हा एक सोनार होता, तिच्या माहेरगावचा, तिला लहानपणापासून ओळखणारा. ते हेही म्हणाले की ती अगदी अशीच दिसायची.

खेड्यातल्या कुणब्याच्या घरातल्या, मेलेल्या, साध्या बाईचं व्यक्तिचित्र. राजाचं नाही, देवीचं नाही. मी अक्काला जवळ बसवलं आणि तिच्या गळ्यावर भिंग धरून तासभर पाहत राहिलो. ती हसून हसून हलत होती, मी तिला हलू नको म्हणून ओरडत होतो. परत जाताना गाडीत मी टाक मागितला.

"हाई वस्तू नई, भाऊ," ती म्हणाली. "हाई मन्ही सवत शे."

मी पुन्हा मागितला नाही. मागून मिळणार नाही हे कळल्यावर माणूस दुसऱ्या वाटेनं जातो. वर्षभर मी त्या टाकाचाच विचार करत होतो. तिच्याकडे गेलो की माझी नजर आधी तिच्या गळ्याकडे जायची, मग तोंडाकडे. ती विचारायची, भाऊ, जेवलास का, आणि मी तिच्या गळ्याकडे बघून हो म्हणायचो.

पुढच्या आखाजीला पाहिलं तर टाकाची कडी झिजून तुटायला आली होती. मी म्हणालो, अक्का, कुठेतरी पडेल, विहिरीत जाईल. जळगावला माझे ओळखीचे सोनार आहेत, चांगली कडी बसवून आणतो. ती घाबरली. गळ्यातून काढायचा कसा? मग शेजारच्या म्हातारीला विचारून आली. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं, टाकाला हळदकुंकू लावलं, त्याच्या कानात बोलावं तसं काहीतरी बोलली आणि माझ्या हातात दिला. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता असं मला एकदा तरी म्हणता आलं असतं, तर आज हे लिहिणं सोपं गेलं असतं.

नानांना मी टाकाची हुबेहूब नक्कल करायला सांगितली. ते आधी समजलेच नाहीत. म्हणाले, "मास्तर, जुना आटवून नवा करतात. जुना ठेवून नवा कसा करायचा? मग त्या बाईच्या गळ्यात काय जाईल?" मी त्यांना इतिहास सांगितला, कला सांगितली, मुंबईचे गुरुजी सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, बरं, पण कडेची रतीभर चांदी घासून नव्यात टाकू द्या, म्हणजे त्या बाईशी अगदीच खोटं होणार नाही. मी नाही म्हणालो. कड घासली तर वस्तूचं नुकसान होईल, असं मी त्यांना बजावलं. रतीभर चांदी. ती दिली असती तर माझ्या टिपणातलं एक अक्षर बदललं नसतं.

नक्कल चांगली झाली. हळदकुंकवात दोन दिवस ठेवून ती जुनी केली. अक्काकडे घेऊन गेलो तेव्हा तिनं तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं.

"सोनारनी घासी का हाईले? हलकी लागस," ती म्हणाली.

"धूळ निघाली, म्हणून," मी म्हणालो. तिनं हळकुंड सोडलं आणि ते गळ्यात बांधलं.

टिपण छापून आलं. पुण्यात वाचून दाखवायला बोलावलं; पडद्यावर तो चेहरा माणसाएवढा मोठा करून दाखवला तेव्हा मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. मुंबईच्या गुरुजींनी पत्र लिहून अभिनंदन केलं. ते पत्र मी सहा-सात वेळा वाचलं. वर्षाच्या आत धुळ्याला वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत संग्रहालय निघालं आणि मला क्युरेटर नेमलं. मी मास्तरकीला रामराम ठोकला. काचेची कपाटं करून घेतली, नोंदवही घातली, नियम केले. संग्रहात आलेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय बाहेर जाणार नाही, हा नियम माझाच. दारासमोरच्या कपाटात मधोमध तो टाक ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: अज्ञात स्त्री, चांदी, खानदेश. तिचा नवरा मला ठाऊक होता, सासू ठाऊक होती, तिच्या नावाची घागर कोण भरतं तेही ठाऊक होतं, आणि तरी मी अज्ञात लिहिलं.

त्याच श्रावणात अक्काची मुलगी तापानं गेली. सात वर्षांची होती. मी गेलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अक्का रडत नव्हती, भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ बसलो तेव्हा म्हणाली, "भाऊ, ती मन्हासंगे बोलत नई आते. तू टाक लई उना तठपाईन."

मी टाक परत आणून दिला तेव्हापासूनचा तिचा हिशेब बरोबर होता. मग मी बोलायला लागलो. हिवताप डासांमुळे होतो, साचलेल्या पाण्यामुळे होतो, आसपासच्या गावांतही पोरं गेली आहेत, असं मी तिला समजावलं. सगळं खरं होतं. शिकलेल्या माणसाची लबाडी बहुतेक खरंच बोलत असते. ती ऐकत होती आणि बोटांनी टाक चाचपत होती.

पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला तो मेलेलाच. भगतानं सांगितलं, सवत घराबाहेर आहे, घरात नाही. अक्काला वाटलं आपल्याच हातून काही चुकलं. तिनं नवं लुगडं नेसणं सोडलं. पहिल्या घासाऐवजी अर्धं ताट टाकापुढे ठेवू लागली आणि ते गाईला घालू लागली. आखाजीला एकीच्या जागी तीन घागरी भरल्या. दाजी वैतागून मला म्हणाले, तू तिला सांग, तुझं ऐकते ती. मी सांगितलं. टाक हा चांदीचा पत्रा असतो, अक्का, असं मी तिला सांगितलं. ज्या पत्र्यासाठी मी तिला फसवलं होतं, त्याच्याविषयी.

धुळ्याहून तिचं गाव एका दिवसाच्या वाटेवर. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाक तिच्या गळ्यात असता. मी तसं का केलं नाही याला मी तेव्हा पुष्कळ कारणं काढली होती. अंधश्रद्धेला खतपाणी घालू नये. संग्रह हा समाजाचा असतो. खरं कारण एवढंच होतं की टाक परत द्यायचा तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि मला तिच्यापुढे चोर व्हायचं नव्हतं. अशी चार वर्षं गेली.

चौथ्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. पाय सुजले, तोंड पांढरं पडलं, म्हणून दाजी तिला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी औषध दिलं, विश्रांती सांगितली. दाजी गाडीच्या चौकशीला गेले तेव्हा ती म्हणाली, भाऊ, तुझं दुकान तरी दाखव. संग्रहालयाला ती दुकान म्हणायची. मी टाळाटाळ केली. दुपार आहे, तू दमलीस, चावी घरी आहे. ती माझ्या कमरेकडे बघून चालायला लागली.

आत आली आणि पहिल्याच कपाटापुढे थांबली. मी मागे उभा होतो. काचेत तिचा चेहरा दिसत असेल, पण मी तिकडे पाहिलं नाही. तिनं काचेवर हात टेकला.

"भाऊ, हाई आठे कव्हयपाईन शे?"

"चार वर्षं झाली," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "म्हनीसन बोलत नई व्हती ती."

माझ्यावर ती ओरडली नाही. मला शिव्या दिल्या असत्या, पायातलं काढून मारलं असतं, तर मी सुटलो असतो. तिनं फक्त पदर सावरला आणि हात पुढे केला. "दे. मी लई जासू."

त्या क्षणी मी किल्ली काढायला हवी होती. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, अक्का, वस्तू नोंदलेली आहे. समितीला विचारावं लागेल. पौषात बैठक आहे, दोन महिन्यांवर. ठराव करून घेतो आणि मी स्वतः घेऊन येतो.

"तिले आठे लई येताना तू माले इचारं व्हतं का?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, तिला खरंच ते विचारायचं होतं. ती वाट पाहत उभी राहिली. मग "बरं" म्हणाली. लहानपणी मी काही हट्ट धरला आणि तिच्याकडे ते नसलं की ती असंच बरं म्हणायची. गळ्यातली नक्कल तिनं काढून टाकली नाही. दाराशी गेल्यावर ती मुठीत धरून म्हणाली की हीसुद्धा इतकी वर्षं गळ्यात आहे, हिला आता कुठे टाकू. मी तिला गाडीपर्यंत पोचवलं. दाजींसमोर ती एक शब्द बोलली नाही.

बैठकीला तीन आठवडे राहिले असताना ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मी पोचलो तेव्हा चिता विझली होती. तिच्या गळ्यातलं सगळं उतरवून ठेवलं होतं, त्यात ती नक्कलही होती. दाजींनी मला विचारलं, हिचं काय करायचं? मी म्हणालो, नदीत सोडा.

पौषात बैठक झाली. पाचव्या क्रमांकाचा विषय माझा होता: एक टाक मूळ घरी परत करणे. सभासदांपैकी एक वकील होते, एक व्यापारी, एक निवृत्त मामलेदार. कुणी कारणही विचारलं नाही. मंजूर म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. एक मिनिटही लागलं नाही. विचारायला घाबरावं असं त्या खोलीत काही नव्हतं, आणि दोन महिन्यांची वाट पाहायला लावावी असंही काही नव्हतं. चहा आला तो तसाच ठेवला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

वैशाखात दाजी धुळ्याला आले. पन्नाशीला आले होते, घर बंद पडायची वेळ आली होती, तिसरं लग्न ठरलं होतं. मला सांगताना त्यांना लाज वाटत होती. मी टाक काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना नवल वाटलं नाही.

"ती सांगे," दाजी म्हणाले, "पहिलीना टाक भाऊकडे दुरुस्तीले शे, तो जपीसन ठेवस."

धुळ्याहून परतल्यावर एवढंच तिनं घरी सांगितलं होतं, आणि गळ्यातली तोवरची नक्कल म्हणून. चोराला तिनं मरेपर्यंत पाठीशी घातलं.

दाजींनी टाक उचलला नाही. नवी पोर सतरा वर्षांची आहे, दोन दोन गळ्यात कुठे घालेल, हा तुझ्याकडेच राहू दे, म्हणाले. त्यांचं काम वेगळं होतं. नव्या बायकोच्या गळ्यात आता अक्काचा टाक बांधायचा होता. "सोनार ठसा मारी दी," ते म्हणाले. "पन ती नेहमी म्हने, मन्हा भाऊ चेहरा काढस. तू तिना चेहरा काढी दे. सोनार त्यावरथीन करी."

अक्काचा फोटो कधी काढलेला नव्हता. मी म्हणालो, पाच दिवस द्या. जगातलं हे एक काम मला येत होतं, आणि तिच्यासाठी करायचं एवढंच आता उरलं होतं. दाजी धुळ्यातच नातेवाइकांकडे थांबले.

मी संग्रहालय बंद ठेवलं आणि कागद घेऊन बसलो. तिचे हात मला आठवत होते, नखांत राख गेलेले. पाणी आणायला पुढे चालणारी तिची पाठ आठवत होती. मारताना वर झालेला हात, हसण्याचा आवाज, मानेवरचा काळा दोरा, सगळं होतं. कागदावर चेहऱ्याची गोल रेघ ओढली की तिथे माझी पेन्सिल थांबायची. नाक कसं होतं? भुवया जवळ होत्या की लांब? माझं सगळं लहानपण तिच्या कडेवर गेलं होतं. चार दिवस मी काढत आणि फाडत होतो. मुंबईला शिकवलेलं सगळं करून पाहिलं, वडिलांच्या चेहऱ्यावरून, माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावरून, आरसा समोर ठेवून.

पाचव्या दिवशी सकाळी हात आपोआप चालायला लागला. कुठेही न अडता, न खोडता, चेहरा कागदावर आला. जिवंत आला. मला रडू फुटलं. इतक्या वर्षांनी काहीतरी तिला परत देता आलं असं वाटलं, आणि मी कागद तसाच घेऊन दाजींकडे गेलो.

त्यांनी कागद दारातल्या उजेडात नेला. बराच वेळ पाहत राहिले. डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"भाऊ," ते म्हणाले, "हाई ते पहिली शे."

त्यांनी कागद गुंडाळून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, राहू दे, सोनाराकडून ठशाचाच करून घेतो.